मदत हवी आहे : दशावतारी कलाकारासाठी मुंबईत व्यवस्थापक नेमताना करारात काय पाहावे?

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ सावंतवाडी तालुक्यातील एका दशावतारी कंपनीत स्त्रीभूमिका करतो. मालिका, चित्रपट आणि जाहिराती यांतील कामांसाठी त्याला मुंबईत एक भरवशाचा माणूस हवा आहे, जो त्याचे नाव योग्य ठिकाणी पोहोचवील, मानधन ठरवील आणि ते वसूलही करील. घरातील कागदपत्रांचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्याच्या वतीने मी लिहीत आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी, विशेषतः कोकणातून जाऊन तिथे टिकलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

त्याच्या कामाचे वेळापत्रक आधी सांगते, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते. जत्रांचा हंगाम कार्तिकात लागतो आणि वैशाखापर्यंत चालतो. कोणत्या देवळातील जत्रेचे नाटक कोणत्या कंपनीने करायचे, हे बहुतेक गावांत परंपरेने ठरलेले असते. त्यामुळे त्या तारखा कोणाच्या सोयीने मागे-पुढे होत नाहीत. पालखी झाल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभे राहते ते उजाडेपर्यंत चालते आणि सकाळी पेटारे गाडीत चढवून मंडळी पुढच्या गावाला निघतात. म्हणजे पावसाळ्याचे महिने आणि फार तर दिवाळीपर्यंतचा काळ एवढाच त्याला मुंबईसाठी पूर्ण मोकळा देता येतो. हंगामात कंपनी सोडून जाणे त्याला मान्य नाही आणि मलाही ते योग्य वाटत नाही.

2016 साली आकेरीच्या वाड्यात एका मालिकेचे चित्रीकरण झाले, तेव्हापासून मालवणी बोलणाऱ्या कलाकारांसाठी मुंबईहून फोन येणे आमच्याकडे नवलाचे राहिलेले नाही. भावालाही ऑडिशनसाठी मोबाईलवर चित्रफीत करून पाठवण्यास सांगण्यात आले : मोबाईल आडवा धरून आधी नाव, वय, उंची, मग डावी-उजवी बाजू आणि नंतर दिलेला उतारा. देवळाच्या आवारातील शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायची त्याला सवय. पहिल्या चित्रफितीत संवाद चांगला असूनही तो भांडतो आहे असेच वाटत होते. मग आम्ही पडवीत बसून, समोर आई आहे असे समजून बोलायला लावले, आणि त्याच आवाजातले मार्दव प्रथमच कॅमेऱ्यात आले. ज्याला लिखित संहितेशिवाय रात्रभर संवाद रचता येतात, त्याला हेही जमेल याविषयी मला शंका नाही. प्रश्न आहे तो व्यवहाराचा.

मुंबईतील एका संस्थेने त्याला करारपत्र पाठवले आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही. मुदत तीन वर्षांची आहे. ‘कलाकाराच्या सर्व कलाविषयक उत्पन्नावर’ 25 टक्के दलाली मागितली आहे, म्हणजे शब्दशः वाचल्यास जत्रेतल्या नाइटच्या, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाच्या, पैशांतूनही. छायाचित्रे आणि नोंदणी यांसाठी आगाऊ रक्कम वेगळी. मुदत संपल्यावरही दोन वर्षे त्याने दुसऱ्या कोणामार्फत काम घेऊ नये, असे एक कलम आहे. मला सर्वांत जास्त खटकले ते शेवटचे कलम : त्याच्या पूर्वीच्या व पुढील सर्व प्रयोगांच्या ध्वनिचित्रमुद्रणाचे हक्क संस्थेकडे राहतील. दशावतारातील प्रयोग एकट्याचा नसतो. संकासुर या राक्षसाची भूमिका करणारा, पेटीवाला, पखवाजवादक, झांजवाला, कंपनीचे मालक, सर्वांचा त्यात वाटा असतो. माझ्या भावाने एकट्याने सही करून तो कसा देऊन टाकायचा?

अशी कलमे तिकडे नेहमीचीच आहेत का? दलालीचे प्रमाण किती असणे रास्त? आणि हंगामाचे महिने करारातून पूर्णपणे वगळण्यास तयार होणारा व्यवस्थापक मिळू शकतो का?

प्रतिसाद :

ताई, नमस्कार. मी रत्नागिरीकडचा. नमन-खेळे या तिकडच्या लोककलेतून आलो आणि आता मालिकांत चरित्रभूमिका करतो.

आधी माणसे वेगळी ओळखा. कास्टिंग डायरेक्टर निर्मात्याच्या बाजूचा असतो आणि त्याचे पैसे निर्माता देतो. समन्वयक किंवा व्यवस्थापक आपल्या बाजूचा असतो आणि मिळालेल्या मानधनातून टक्केवारी घेतो. ती साधारणपणे 10 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान असते. काम मिळण्यापूर्वी नोंदणीच्या नावाने पैसे मागणारा या दोहोंपैकी कोणाचेच काम करत नाही, त्यामुळे ती रक्कम देऊ नका. छायाचित्रे आपल्या कुडाळ-सावंतवाडीतही चांगली काढून मिळतात. मेकअपशिवाय, साध्या कपड्यांत आणि दिवसाच्या उजेडात काढा.

मुदतीनंतरच्या बंदीला घाबरू नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कोणाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो आणि करार संपल्यानंतरच्या अशा अटी न्यायालये सहसा मानत नाहीत. तरीही ते कलम खोडूनच घ्यावे, कारण न्यायालयाची पायरी चढणे आपल्यासारख्यांना परवडत नाही. मुदत चालू असतानाची एकनिष्ठेची अट मात्र बंधनकारक ठरू शकते, म्हणून मुदत एका वर्षाची ठेवा.

मुद्रणाच्या हक्कांबाबत आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर 50 वर्षांचा हक्क दिलेला आहे आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर श्रेय मिळण्याचा व विपर्यासाला हरकत घेण्याचा हक्कही स्पष्टपणे आला आहे. त्यावर सरसकट पाणी सोडू नका.

आणखी एक गोष्ट, जी कोणी आधी सांगत नाही. मालिकांचे पैसे चित्रीकरणानंतर 90 दिवसांनी हाती येण्याची पद्धत सर्रास आहे, तेव्हा पहिल्या पावसाळ्याचा मुंबईतला खर्च घरातूनच करावा लागेल हे धरून चाला. बिल भावाच्याच नावाने जाऊ द्या आणि पैसे थेट त्याच्या खात्यात घेऊन दलाली त्यानंतर द्या. पैसे आधी व्यवस्थापकाच्या खात्यात गेले, तर निर्मात्याने प्रत्यक्षात किती दिले हे कळत नाही आणि कापलेला कर भावाच्या पॅनवर दिसत नाही.

धागाकर्ती :

दादा, मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे करारपत्रात दुरुस्त्या करून ते परत पाठवत आहे. त्यात ‘कार्तिक ते वैशाख या काळातील दशावताराचे प्रयोग, त्यांचे उत्पन्न व त्यांचे मुद्रण या कराराच्या कक्षेबाहेर राहील’ असे स्वतंत्र कलम घातले आहे. महिने इंग्रजी तारखांनी लिहावेत की तिथीने, याबद्दल वकिलांना विचारणार आहे, कारण अधिक मासाच्या वर्षी तारखा बऱ्याच सरकतात. संस्थेने हे मान्य केले नाही, तर दुसरा व्यवस्थापक शोधावा लागेल. हंगामी लोककलावंतांची कामे पाहणारी कोणी व्यक्ती आपल्या अनुभवातील असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. या वर्षीची शेवटची जत्रा झाल्यावर भाऊ स्वतः मुंबईस येऊन भेट घेईल.