शब्दचर्चा: गेममध्ये चित्रं-आवाज 'आयात' करायचे की 'टाकायचे'?

प्रश्न: आरपीजी मेकर एमव्ही या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर शाळेतल्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. इम्पोर्ट, रिसोर्स, आणि आवाजाचे ते चार फोल्डर, बीजीएम बीजीएस एमई एसई, यांना काय म्हणू? आयात आणि संसाधन लिहून बघितलं, वाचताना सरकारी जीआर वाटतोय.

प्रतिसाद: आयात नकोच. आयात म्हटलं की खाद्यतेल आणि बंदर डोळ्यासमोर येतं. आपण बोलताना सरळ "फाइल टाकली" म्हणतो आणि इथे घडतंही तेच, म्हणजे रिसोर्स मॅनेजरमध्ये इम्पोर्टचं बटण आहे खरं पण ते दाबून शेवटी फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरातच जाऊन पडते, चेहरा असेल तर फेसेसमध्ये, चालणारं पात्र असेल तर कॅरॅक्टर्समध्ये, तुम्ही हाताने कॉपी केलीत तरी चालतं. फक्त माप बरोबर हवं. एमव्हीत एक टाइल, म्हणजे नकाशाचा एक चौकोन, ४८ बाय ४८ पिक्सेल, याच सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हीएक्स एस आवृत्तीत ३२ होती, म्हणून तिथला टाइलसेट, म्हणजे अशा चौकोनांचा संच, उचलून जसाच्या तसा टाकला की सगळा नकाशा विस्कटतो. "टाकणे" आणि "बसवणे" असे दोन शब्द ठेवा, टाकलेली प्रत्येक गोष्ट बसतेच असं नाही :)

प्रतिसाद: रिसोर्सला 'साहित्य' म्हणा की, पूजेचं साहित्य म्हणतोच ना. कथा-कविता आठवतील ही शंका वाक्यात आल्यावर राहत नाही. आणि सॉफ्टवेअरबरोबर जे आधीच मिळतं, ज्याला जुने लोक अजून आरटीपी म्हणतात, ते 'आयतं साहित्य'. आरटीपी म्हणजे रन टाइम पॅकेज, पूर्वी ते खेळणाऱ्यालाही वेगळं इन्स्टॉल करावं लागायचं, एमव्हीत ते प्रोजेक्टमध्येच येतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

प्रतिसाद: आवाजांचं जरा जपून, चारी वेगळे आहेत. बीजीएम पार्श्वसंगीत, वाद नाही. बीजीएस म्हणजे पाऊस, समुद्र, बाजाराचा गलका, हेही फिरून फिरून वाजत राहतं पण संगीत नाही, म्हणून 'पार्श्वध्वनी'. एसई म्हणजे दार उघडल्याचा, तलवारीचा आवाज, त्याला नुसतं 'आवाज' पुरे. खरी गंमत एमईची, लढाई जिंकल्यावर छोटी धून एकदाच वाजते, तेवढ्यापुरतं पार्श्वसंगीत थांबतं आणि मग जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. याला मी 'तुकडा' म्हणेन. तबलेवाले रागावतील, रागावू देत.

प्रतिसाद: तुकडा मस्त! पण फोल्डरची नावं मात्र मुलांना बदलू देऊ नका, मराठी शब्द टिपणात ठेवा, सॉफ्टवेअर तीच ठरलेली नावं शोधतं. तसंच काही पात्रांच्या फाइलच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह असतं ते कोणी कचरा समजून पुसतं. डॉलर म्हणजे या चित्रात एकच पात्र आहे, डॉलर नसेल तर सॉफ्टवेअर आठ पात्रांचा पट समजून चित्राचे तुकडे करतं आणि हिरोचं नुसतं कपाळ चालताना दिसतं. आणि हे तुकडे वेगळे, तुमचा तुकडा वेगळा!

प्रश्नकर्ती: टाकणे, बसवणे, साहित्य, तुकडा घेतले. एकच राहिलं, ओजीजी या आवाजाच्या फाइलीतल्या लूपस्टार्टला, म्हणजे गाणं फिरून जिथून सुरू व्हायचं त्या खुणेला, 'आवर्तनारंभ' लिहू का?

प्रतिसाद: टिपणात खुशाल लिहा. फाइलीत मात्र लूपस्टार्ट आणि लूपलेंथ (फिरवायच्या भागाची लांबी) हे टॅग मूळ इंग्रजी स्पेलिंगमध्येच हवेत, आणि समोरचा आकडा सेकंदात नाही तर सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या बारीक नमुन्यांत, सेकंदाला ४४,१०० सॅम्पलची फाइल असेल तर १० सेकंदाला ४,४१,०००. तिथे आवर्तनारंभ लिहिलंत तर गाणं दर वेळी पहिल्यापासून वाजेल.