धोंडो: दगड, महिना की धुंडिराज?

पणजोबांवरून मुलाला धोंडो नाव ठेवावं का, असं काहींनी मला विचारलं आहे. पण या नावाचा अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं असतं. धोंडा म्हणजे दगड, आईबापांनी पोराला दगड म्हटलं, जुन्या लोकांचा अडाणीपणा. पुण्यात हे उत्तर मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. ज्या शहरातला एक मोठा रस्ता धोंडो केशव कर्वे यांच्या नावाचा आहे, तिथे तरी या नावाकडे जरा नीट बघायला हवं. माझं म्हणणं असं की या नावाची निदान तीन मुळं आहेत आणि त्यांतलं एकही हेटाळणीचं नाही.

आधी दगडाचंच घेऊ, कारण ते खोटं नाही. ज्या घरात मुलं जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलाला मुद्दाम असं नाव देत की कुणाची दृष्ट लागू नये, सटवाईनेही वळून बघू नये. धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू, कोंडाजी ही सगळी त्याच पठडीतली नावं. केर, कचरा, कोंडा, भीक, दगड: कुणी उचलून नेणार नाही अशा वस्तू. नुसतं नाव ठेवून भागत नसे. बाळाला उकिरड्यावर क्षणभर ठेवून परत उचलायचं, किंवा शेजारणीच्या पदरात घालून मूठभर धान्य देऊन ‘विकत’ घ्यायचं. मुलगा असेल तर नाक टोचून त्याला नथ घालायची, म्हणजे काळाला ती मुलगी वाटेल; नथू हे नाव तिथून आलं. या सगळ्या खटाटोपात मुलाविषयी तुच्छता कुठेच नाही. आहे तो धसका. दोन-तीन बाळं पोचवून आलेल्या आईला चौथ्याला राजाराम म्हणायचं धाडस होत नसे.

आमच्या आजोळी वंशावळीचा एक जुना कागद आहे, बोरूने लिहिलेला, घड्यांवर फाटलेला. त्यात एका फांदीवर ओळीने तीन नावं आहेत आणि तिन्हींपुढे बारीक अक्षरात ‘बा. वा.’ लिहिलं आहे, म्हणजे बालपणी वारला. चौथं नाव धोंडो. त्याच्या पाठचे दोघे विष्णू आणि गोविंद. मला या क्रमाचं फार महत्त्व वाटतं. एक मूल जगलं, तेव्हा भीती ओसरली आणि देवांची नावं परत आली. नावाचा अर्थ एकट्या नावात शोधून सापडत नाही, तो भावंडांच्या यादीत सापडतो. ज्यांच्याकडे अशी वंशावळ किंवा छापील कुलवृत्तांत असेल, त्यांनी धोंडो, केरो, भिकाजी यांच्या आधीची नावं जरूर पाहावीत.

दगड म्हणजे निर्बुद्ध, हा अर्थही आपण आज वरून चिकटवतो. ‘गळ्यात धोंड’, ‘पायावर धोंडा पाडून घेणे’ हे वाक्प्रचार कानात असतात म्हणून तसं वाटतं. पण ज्या समाजात म्हसोबा, गावाबाहेरची मरीआई हे शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपात पुजले जातात, न घडवलेल्या देवीच्या शिळेला ‘तांदळा’ म्हणून साडीचोळी होते, तिथे धोंडा ही काही क्षुद्र वस्तू नव्हती. टिकणारी वस्तू होती. महर्षी कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली पुण्यात गेले, १०४ वर्षं जगले. त्यांचं नाव कोणत्या कारणाने ठेवलं असेल ते असो, पण धोंडो नावाच्या मुलासाठी आईबाप जे मागत, ते याहून वेगळं काही नव्हतं.

इथे एक फरक ठासून सांगतो, कारण चर्चेत तो नेहमी पुसला जातो. नकुशा किंवा नकोशी हे नाव धोंडूच्या रांगेत बसवू नका. मुलीमागून मुली झाल्या की शेवटच्या मुलीला ‘नको’ म्हणायचं, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वाईटच गोष्ट आहे. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली, ते योग्यच झालं. धोंडू हे नाव हवंहवंसं मूल लपवण्यासाठी होतं, नकुशा हे नाव नको असलेलं मूल दाखवण्यासाठी. दोन्हींना ‘वाईट अर्थाची नावं’ या एकाच पोत्यात घालणं म्हणजे त्या दोन आयांवर सारखाच अन्याय.

दुसरं मूळ महिन्याचं. अधिक मासाला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं; दरसाल ११ दिवसांची तूट साठत जाते आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना घालून ती भरून काढतात. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, ३३ अनारसे किंवा बत्तासे दिव्यासह वाण म्हणून देतात. तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता भागात त्या दिवसांत अनारशांच्या पाट्या लागतात, चांदीच्या दुकानांत वाणाची ताटं मांडलेली असतात. या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू, धोंडीबा किंवा धोंडीराम म्हणण्याची रीत होती. पश्चिम महाराष्ट्रात अशाच मुलाला अधिकराव म्हणतात, आणि पोथीपुराणाकडे ओढा असलेल्या घरात पुरुषोत्तम, कारण अधिक मासाचं दुसरं नाव पुरुषोत्तम मास. एका महिन्याची ही तीन नावं तीन प्रकारच्या घरांतून आलेली दिसतात. अधिकराव हे नाव तर मला फार आवडतं. त्यावर वेगळं लिहायला हवं.

मात्र महिन्याने सगळे धोंडो उलगडत नाहीत. साधा हिशेब करा. ३३ महिन्यांत एक महिना अधिक, म्हणजे शंभरातली जेमतेम तीन मुलं त्या महिन्यातली. त्यांतल्या सगळ्यांना काही हे नाव मिळत नसणार. जुन्या वंशावळींत, सातबाऱ्यांवर, देवळांच्या पायरीवर कोरलेल्या नावांत धोंडो, धोंडू, धोंडीबा ज्या सहजतेने भेटतात, ते पाहता दुसरीही कारणं असायलाच हवीत. एखाद्याची जन्मतिथी ठाऊक असेल तर जुन्या पंचांगात पडताळा घेता येतो, आणि तो घ्यावाच.

(पाऊस लांबला की अंगाला लिंबाचा पाला बांधून पोरं ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरतात, त्या धोंडीचा या नावाशी संबंध जोडणारे आहेत. ती धोंडी थोड्या वेळापुरती असते, माणसाच्या नावाशी तिचं नातं मला दिसत नाही.)

आता तिसरं मूळ, ज्याची पुण्यात तरी सर्वांत कमी चर्चा होते. काशीच्या विश्वनाथाजवळ धुंडिराज गणपती आहे. मूळ संस्कृत ढुण्ढिराज. त्याच्यावरून मराठी घरांत धुंडिराज नाव ठेवत आले. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. आता ध्वनीकडे बघा. संस्कृत तुंड, मराठीत तोंड. संस्कृत शुंडा, मराठीत सोंड. अनुस्वारयुक्त ‘उ’चा ‘ओ’ होणं हे मराठीच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्याच वाटेने धुंडीचा धोंडी होऊ शकतो.

त्याला दुसरा आधार नावाच्या शेवटाचा आहे. नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, केशवाचा केसो, राघवाचा राघो, महादेवाचा महादो. पेशवाईतल्या कागदांत ही ‘ओ’कारान्त नावं पानोपानी भेटतात, आणि ती सगळी देवाच्या भरघोस नावाची घरगुती रूपं आहेत. त्या रांगेत धुंडिराजाचा धोंडो अगदी सहज बसतो. मोरोपंत, नारोपंत, तसे धोंडोपंत. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे हे धोंडोपंतच. म्हणजे पत्रिकेत, मुंजीच्या संकल्पात धुंडिराज आणि हाक मारताना धोंडो, असं पुष्कळ घरांत असणार.

यावर कुणी म्हणेल, मग केरो लक्ष्मण छत्र्यांचं काय? लोकमान्य टिळकांचे गुरू, मोठे गणिती, केरूनाना म्हणून सगळ्यांना माहीत. केरो हे कोणत्या देवाच्या नावाचं रूप नाही, तरी त्याला ‘ओ’ आहेच. हा आक्षेप बरोबर आहे. एकदा ‘ओ’ची सवय लागली की केरूचाही केरो होतो, धोंडूचाही धोंडो. म्हणून नुसत्या शेवटावरून निकाल देता येत नाही. तरीही माझा कौल असा: देशस्थ-कोकणस्थ घरांत जिथे ‘धोंडोपंत’ आहे तिथे आधी धुंडिराजाचा विचार करावा, आणि जिथे धोंडू, धोंडीबा, धोंडाबाई आहे तिथे आधी दगडाचा किंवा महिन्याचा. हा नियम नव्हे, शोधायला सुरुवात कुठून करावी एवढंच.

आणखी एक कारण तर फारच साधं आहे, म्हणून सुटून जातं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. पहिल्या धोंडोच्या आधी मुलं गेली असतील, पण त्याच्या नातवाला तेच नाव मिळालं ते केवळ आजोबांची आठवण म्हणून. त्या नातवाच्या घरात काही अशुभ घडलं होतं असं नावावरून ठरवायला गेलं तर फसगत होते. एक पिढी आड करून तेच नाव येत राहतं, आणि मूळ कारण दोन-तीन पिढ्यांत कुणाच्याच लक्षात राहत नाही.

हे नाव कुणाकुणात होतं, हे पाहण्याजोगं आहे. कोकणातल्या ब्राह्मण घरातले धोंडो केशव कर्वे. मराठवाड्यात पळसखेड्याच्या शेतकरी घरातले ना. धों. महानोर, म्हणजे नामदेव धोंडो. ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातच गेले. कोल्हापूरला जन्मलेल्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी. ब्राह्मण आणि शेतकरी, कोकण आणि मराठवाडा, पुरुष आणि बाई. इतकी हद्द ओलांडणारी नावं मराठीत थोडी आहेत. श्रीधर किंवा वामन शेतकऱ्याच्या घरात क्वचित, तुकाराम किंवा ज्ञानोबा कोकणस्थाच्या घरात क्वचित. धोंडो मात्र सगळीकडे, कारण पोर जाण्याची भीती सगळ्यांच्या घरात होती, अधिक महिना सगळ्यांच्या पंचांगात होता आणि गणपती सगळ्यांचाच.

आज बारशाला हे नाव ऐकू येत नाही, आणि त्याचं मुख्य कारण आनंदाचं आहे. १९५१ च्या सुमारास देशात हजार जन्मांमागे सुमारे १४६ अर्भकं वर्षाच्या आत दगावत. महाराष्ट्रात २०२० साली हा आकडा १६ होता. ज्या धसक्यातून दगडाचं नाव आलं तो धसकाच बहुतेक घरांतून गेला. पण त्याबरोबर धुंडिराजाचा धोंडो आणि अधिकातला धोंडीराम हेही गेले, केवळ ऐकायला सारखे म्हणून. याचं मला वाईट वाटतं. कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापाशी रिक्षा थांबवणाऱ्या कित्येकांना आडनाव आणि ‘महर्षी’ एवढंच ठाऊक असतं.

तरी एका जागी हे नाव अजून रोज दिसतं: बापाच्या नावाच्या आद्याक्षरात. र. धों. कर्वे, ना. धों. महानोर. मराठी रीतीने मुलाच्या नावामागे बापाचं नाव लागतं, म्हणून कोणतंही नाव बारशातून गेलं तरी पुढे एक पिढी कागदावर राहतं. पणजोबांवरून मुलाला धोंडो नाव ठेवावं का, असं ज्यांनी विचारलं आहे त्यांना माझं उत्तर सरळ आहे: ठेवा. हाक मारायला अवघड वाटलं तर दाखल्यावर धुंडिराज घाला आणि घरात धोंडो म्हणा. आणि आद्याक्षर लिहाल तेव्हा ‘धो.’ लिहू नका, ‘धों.’ लिहा. हल्ली छपाईत आणि मोबाइलवर तो अनुस्वार सर्रास गळतो, आणि ‘र. धो. कर्वे’ असं वाचायला मिळतं, ते चूक आहे.