स्मार्ट मीटरला नकार म्हणजे अडाणीपणा नव्हे

मीटरपेटी (धागाकर्ता)

कालच्या धाग्यात 'उजेड' यांनी लिहिलं: "जुना मीटर सोडायला तयार नसलेले एक तर वीजचोर असतात, नाही तर अफवांवर जगणारे. कंपनी स्वतःहून मीटर बदलून देते, बिल अचूक येतं. घ्या आणि विषय संपवा." याला दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

मीटर नीट मोजतो की नाही, हा माझ्यासाठी दुसरा प्रश्न आहे. स्मार्ट मीटरच्या पेटीत तीन वस्तू एकत्र येतात: मोजणारा भाग, कार्यालयाशी माहितीची देवाणघेवाण करणारा मोडेम आणि पुरवठा तोडणारा रिले. कंपनीच्या पत्रकात बोलणं होतं ते फक्त पहिल्या भागाबद्दल. पूर्वी वीज तोडायची तर माणूस दारात यायचा. त्याला उशीर लागायचा आणि तेवढ्यात ग्राहक थकबाकी भरायचा किंवा तक्रार नोंदवायचा. आता कार्यालयातून एक आज्ञा गेली की काम झालं, आणि तशाच आज्ञेने मीटर प्रीपेडही करता येतो. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांवर प्रीपेड लादण्याचे प्रकार इतके गाजले की फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑफजेम या तिथल्या ऊर्जा नियामकाला पुरवठादारांना सक्तीची बसवणूक थांबवायला सांगावं लागलं. त्याच देशात पहिल्या पिढीचे मीटर ग्राहकाने पुरवठादार बदलला की मुके होत होते, पुन्हा हाताने रीडिंग सुरू.

आणि माहितीचं काय? अर्ध्या तासाने एक नोंद म्हणजे दिवसाला ४८. घर कधी रिकामं असतं, कोण किती वाजता उठतं, हे त्यातून कळतं. बिलासाठी महिन्याला एक आकडा पुरतो. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीचा कायदा याच मुद्द्यावर अडवला. पुढे तिथल्या ग्राहकाला मीटर नाकारण्याची किंवा मीटर घेऊन दूरवाचन बंद ठेवण्याची मुभा मिळाली. ते सगळे वीजचोर होते का?

नकाराचा पर्याय ज्या पत्रात लिहिलेलाच नाही, त्याला मी संमती मागणं म्हणत नाही.

उजेड

रिले आणि माहितीबद्दल वाद घाला, माझी हरकत नाही. पण काल दहापैकी नऊ जण ओरडत होते ते "मीटर पळतो" म्हणून. मी उत्तर त्यांना दिलं होतं आणि त्यावर ठाम आहे.

जुना चकतीचा मीटर साधारण वर्ग २ चा, म्हणजे नवा असताना ±२ टक्के. वर्षं गेली की बेअरिंगमध्ये घर्षण वाढतं, धूळ बसते आणि कमी भारावर चकती हलतच नाही. नवा वर्ग १ चा मीटर मूळ प्रवाहाच्या (मीटर ज्या प्रवाहासाठी बनवला, त्याच्या) ०.४ टक्क्यांवर मोजायला लागतो. १० अँपिअर मूळ प्रवाह धरला तर ४० मिलीअँपिअर, म्हणजे साधारण ९ वॉट. राउटर, टीव्हीचा स्टँडबाय, चार्जर आणि सेट-टॉप बॉक्स मिळून ३० वॉट सतत चालू असतील, तर ३० दिवसांत २१.६ युनिट. रात्री बाकी सगळं बंद असताना थकलेली चकती यातलं बरंच सोडून देत होती. नवा मीटर सोडत नाही. बिल वाढतं, पण मीटर खोटा नसतो.

खात्री घरीच करा. मीटरवर "३२०० इम्पल्स प्रति युनिट" असं काही छापलेलं असतं. बाकी सगळं बंद ठेवून २००० वॉटचा हीटर लावा. लाल दिवा १०० वेळा लुकलुकायला सुमारे ५६ सेकंद लागले पाहिजेत. सूत्र: लुकलुक × ३६,००,००० ÷ (स्थिरांक × सेकंद) = वॉट.

सील नंबर

सूत्र बरोबर, निष्कर्ष धोक्याचा. हीटरवर छापलेले २००० वॉट २३० व्होल्टला असतात. घरी २२० मिळत असतील तर तोच हीटर १८३० घेतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. शिवाय अशा उपकरणाला छापील आकड्यापासून अधिक ५, उणे १० टक्के सूट असतेच. लोक ही चाचणी करतात, आकडा जमत नाही, तक्रार ठोकतात आणि तपासणीत मीटर निर्दोष निघाला की पुढे त्यांचं कुणी ऐकत नाही. या चाचणीने ३०-४० टक्क्यांची चूक सापडेल, ५ टक्क्यांची नाही. लहान चूक शोधायची तर एकसरीत चेक मीटर (पडताळणीसाठी दुसरा मीटर) लावून निदान एक बिलचक्र चालवा, आणि पहिल्या व शेवटच्या दिवशी दोन्ही मीटरांचे फोटो एकाच वेळी काढा.

आणि "मीटर खोटा नसतो" हे वाक्य मागे घ्या. ट्वेन्टे विद्यापीठाच्या २०१७ च्या चाचणीत ९ इलेक्ट्रॉनिक मीटरांपैकी ५ मीटरनी जास्त नोंद केली, सर्वांत वाईट नोंद ५८२ टक्के जास्त. दोघांनी ३० टक्क्यांच्या आसपास कमी दाखवलं. जास्त दाखवणाऱ्यांत रोगोव्स्की कॉइल (प्रवाह मोजणारा एक सेन्सर) होती.

उजेड

अर्धंच सांगता आहात. त्या चाचणीतला भार होता डिमरवर टाकलेल्या सीएफएल आणि एलईडी दिव्यांचा. प्रवाह सरळ वाहत नव्हता, अणकुचीदार टोकांनी येत होता. २ ते १५० किलोहर्ट्झच्या गडबडीसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ६१०००-४-१९ ही चाचणी २०१४ साली आली आणि तपासलेले मीटर २००४ ते २०१४ या काळातले होते. मुख्य म्हणजे दोष सेन्सरचा होता, मोडेमचा नव्हे. जे लोक आज "आमचा साधा इलेक्ट्रॉनिक मीटरच बरा" म्हणतात, त्याच्या पोटातही तसाच सेन्सर असू शकतो.

"खोटा नसतो" ऐवजी "सहसा खोटा नसतो" म्हणतो. झालं?

छतावरचं ऊन

सौरवाल्यांचं कुणी बोलत नाही. मीटर फक्त आयातीसाठी बसवला असेल तर काही मीटर दिशा बघतच नाहीत, बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून धरतात. पॅनल ३ किलोवॉट देत असताना घरात ५०० वॉट लागले तर उरलेले २५०० तुमच्याच बिलात. भर दुपारी आयात आणि निर्यातीचे दोन्ही आकडे बघा. निर्यातीचा आकडा हलत नसेल आणि आयातीचा पळत असेल तर इन्व्हर्टर बंद करून त्याच दिवशी लेखी कळवा.

तिसरी तार

चकती आणि डिमरवर भांडण चाललंय, पण मीटर बदलल्यावर बिल फुगण्याचं एक मोठं कारण कुणी काढलंच नाही: उसनी न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाच्या परतीची तार दुसऱ्याच्या घरातून घेतलेली.

चकतीच्या एकफेजी मीटरमध्ये प्रवाहाची कॉइल एकच, तीही फेजवर. चोरी पकडता यावी म्हणून पुष्कळ नव्या मीटरांत फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर सेन्सर असतात. दोन्हींतला फरक ठरावीक मर्यादेपुढे गेला की मीटर मोठा प्रवाह धरून युनिट मोजतो. आता जिन्यातल्या दिव्याला फेज शेजारच्या घरातून आणि न्यूट्रल तुमच्या घरातून घेतलेली असेल, तर शेजाऱ्याचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलवरून परततो. तुमचा फेज ५ अँपिअर, न्यूट्रल ६. शेजाऱ्याचा फेज ५, न्यूट्रल ४. तुमचा मीटर ६ धरतो, त्याचा ५. प्रत्यक्ष वापर १० अँपिअरचा, बिल ११ चं. एकच वीज दोनदा विकली जाते. (दोन्ही घरं एकाच फेजवर असतील तर. वेगवेगळ्या फेजवर असतील तर न्यूट्रलची बेरीज उलट घटते, नोंद सहसा वाढत नाही.)

ओळखायचं असं. बऱ्याच मीटरांवर "अर्थ" किंवा "ईएल" (प्रवाहाची गळती) खुणेचा दिवा असतो, तो सतत पेटलेला असेल तर संशय धरा. मग फक्त फेजचा एमसीबी पाडा, न्यूट्रल जोडलेली राहू द्या. युनिट मोजणारा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल आणि दोन्ही तारा तोडणारा मुख्य स्विच पाडल्यावर थांबत असेल, तर परका प्रवाह तुमच्या न्यूट्रलमध्ये आहे. हे रात्री, जिन्यातले दिवे चालू असताना करा. दुपारी काहीच सापडणार नाही. यानंतर क्लॅम्प मीटरमध्ये (तारेभोवती चिमटा धरून प्रवाह मोजणारं उपकरण) फेज आणि न्यूट्रल एकत्र धरायच्या, आकडा शून्याजवळ हवा. नसेल तर एकेका सर्किटची न्यूट्रल शोधत जायचं. जिन्याचा टू-वे दिवा, सामाईक पंप आणि नंतर ओढलेली इन्व्हर्टरची लाइन या तीन जागा आधी बघा.

सावधान: उसनी न्यूट्रल स्वतः सोडवू नका. तुमचा एमसीबी पाडलेला असला तरी तार सुटताच तिच्या दिव्याकडच्या टोकाला शेजाऱ्याच्या दिव्यातून पूर्ण व्होल्टेज येतं. वायरमनचे हात याच ठिकाणी भाजतात. दोन्ही घरांचे मुख्य स्विच पाडल्याशिवाय त्या तारेला कुणी हात लावता कामा नये.

उजेड

म्हणजे दोष घरातल्या वायरिंगचा. मीटरने दाखवून दिला, एवढंच. कंपनीने तुमच्या जिन्याची वायरिंग सुधारत बसायचं का?

तिसरी तार

मीटर फक्त दाखवत नाही, बिल लावतो, तेही कुणीतरी आधीच पैसे भरलेल्या विजेचं! दोन तारांतला फरक मीटरला कळतो आणि घटनेची नोंदही राहते. बसवल्यानंतर आठवडाभर ती नोंद बघून ग्राहकाला "तुमच्या न्यूट्रलमध्ये गोंधळ आहे" असा निरोप देणं दूरवाचनाने सहज जमतं. चोरी शोधायला हीच नोंद वापरायची आणि ग्राहक लुटला जात असताना गप्प राहायचं, हे मला मुळीच मान्य नाही.

सील नंबर

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला की उसनी न्यूट्रल आपोआप उघडी पडते, तो टिकतच नाही. मग वायरमन "आरसीसीबी खराब आहे" म्हणून काढून टाकतो. तिथून पुढे गिझरच्या फुटलेल्या एलिमेंटपासून वाचवायला घरात काही उरत नाही. माझा राग मीटरपेक्षा या सवयीवर जास्त आहे.

मीटरपेटी

धागा माझा होता रिले आणि संमतीचा, तो जिन्यातल्या दिव्यात अडकला. तरी 'तिसरी तार' यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. मीटरमधली माहिती वाहते ती एकाच दिशेने. ग्राहकाच्या फायद्याची नोंद ग्राहकाला दिसत नाही.

फ्यूजवायर

आणि मीटर पेटतात त्याचं काय?

सील नंबर

जवळजवळ नेहमी टर्मिनल ढिला असतो. ढिल्या जोडात ०.०५ ओहम रोध आणि ४० अँपिअर प्रवाह असेल तर एका स्क्रूखाली ८० वॉट उष्णता. बहुतारी वायरला फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) हवी. प्रत्येक टर्मिनलचे दोन्ही स्क्रू आवळून तार ओढून बघायची. अ‍ॅल्युमिनियमची तार दाबाखाली सरकते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा आवळायची. घाईत दिवसाला ढीगभर मीटर बदलणाऱ्याकडून नेमकं हेच राहतं. झाकण लावायच्या आधी चारही टर्मिनल तुमच्यासमोर ओढून दाखवायला सांगा. सील लागल्यावर तुम्हाला हात लावता येत नाही.

उजेड

ठीक. न्यूट्रलच्या फरकाची सूचना ग्राहकाला मिळावी, हे मान्य. काढलेला मीटर ग्राहकाची सही झाल्याशिवाय नेऊ नये, असं मीही म्हणतो. पण रिलेला सरसकट विरोध मान्य नाही. पुरात पाणी शिरलेल्या इमारतीची वीज तोडायला माणूस पाठवायचा का? शिवाय वीज गेल्यावर मीटर मरता मरता शेवटचा निरोप पाठवतो, त्यामुळे नुसती एक गल्ली गेली की अख्खा फीडर (अनेक गल्ल्यांना वीज देणारी मुख्य लाइन), हे कुणी फोन करण्याआधी कळतं. हे फायदे तुम्ही एका ओळीतही लिहिले नाहीत.

मीटरपेटी

पुराचं पटतं. मग आणीबाणीसाठी रिले आणि थकबाकीसाठी रिले यांचे नियम वेगळे लिहा. थकबाकीत आधीची लेखी नोटीस आणि ग्राहकाचं उत्तर नोंदल्याशिवाय आज्ञा जाऊच नये. मीटर घेणाऱ्याने कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: पोस्टपेडचं प्रीपेड ग्राहकाच्या संमतीशिवाय होणार नाही, अर्ध्या तासाची नोंद बंद ठेवता येईल, जुन्या मीटरचा क्रमांक आणि शेवटचं रीडिंग अहवालात असेल, तक्रार आल्यास चेक मीटर लागेल. यातलं काही द्यायला कंपनी तयार नसेल तर ग्राहकाने नकार द्यावा, आणि त्याला कुणी चोर म्हणू नये.

उजेड

चोर हा शब्द मागे. अफवांचं म्हणणं कायम.

तिसरी तार

ज्यांच्याकडे बदलाची तारीख आली आहे त्यांच्यासाठी एक. लुकलुकीची चाचणी एकाच कॉइलच्या जुन्या मीटरवर चालणार नाही, त्याला परका प्रवाह दिसतच नाही. त्यामुळे क्लॅम्प वापरा आणि मीटर बदलण्याच्या आदल्या रात्रीच बघा. न्यूट्रलचा गोंधळ आधी सापडला तर दुरुस्ती झाल्यावरच तारीख द्या. नंतर सापडला तर तोवरच्या युनिटांसाठी भांडावं लागेल, आणि तेव्हा मीटर प्रयोगशाळेत निर्दोषच ठरेल.