कुकरमधला बीफ स्ट्यू, पण कमी चरबीचा

प्रश्न: बाबांसाठी स्ट्यू करायचाय. मांस शिजतं, पण वर तुपकट थर येतो आणि गाजराचा पार लगदा होतो. काय करू?

– पायाकडचं मांस घ्या. चरबी कमी, चिवट भाग जास्त. कुकरात 120 अंशांच्या आसपास तोच विरघळून रस्सा दाट होतो. मैदा हवाय कशाला?

– तुकडे कोरडे पुसून खरपूस परता. मग मांस एकटंच 40 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या, उगाच शिट्टी उचलू नका. गाजर-बटाटा नंतर, 5 मिनिटं पुरे.

– आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा हो! गोठलेली चरबी पापुद्र्यासारखी उचलून निघते.

प्रश्नकर्ती: मीठही कमी करायचंय.

– मग स्टॉक क्यूब (रश्श्यात घालायची तयार वडी) विसरा, त्यात मीठच मीठ. शेवटी लिंबू पिळा.