पिवळा उजेड निळा होतच नाही, मदत हवी आहे (रत्नागिरी)

मंडळी, केमिस्ट्रीवाले कोणी आहेत का इथे? मी रत्नागिरीत बीएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेतो, आणि यंदा प्रदर्शनात थंड केल्यावर रंग बदलणारे चमकणारे क्रिस्टल ठेवायचेत. कॉपर आयोडाइड आणि पिरिडिन (उग्र वासाचा एक द्रव) यांचे केलेत, म्हणजे तांब्याचे ४ आणि आयोडीनचे ४ अणू मिळून एक पिंजरा आणि प्रत्येक तांब्याला एकेक पिरिडिन चिकटलेलं. पोटॅशियम आयोडाइडच्या सॅच्युरेटेड पाण्यात कॉपर आयोडाइड विरघळवून पिरिडिन टाकलं की भुकटी खाली बसते (वासाने डोकं उठतं, फ्यूम हूडशिवाय, म्हणजे वाफा खेचून घेणाऱ्या कपाटाशिवाय, कोणी करू नका हां), आणि यूव्ही टॉर्च मारला की हळदीसारखा पिवळा उजेड. इथपर्यंत झकास.

पण निळा काही होईना! मिरकरवाडा बंदरातून बर्फ आणला, मीठ घालून त्यात ट्यूब ठेवली, तरी पिवळाच. ड्राय आइस मागवू का? कोल्हापूरहून येईपर्यंत किती उरेल देव जाणे.

प्रतिसाद १:
सर, ड्राय आइसवर पैसे घालवू नका. तो −७८ डिग्री, आणि निळा रंग मोजलाय तो ७७ केल्विनला, म्हणजे −१९६. या क्रिस्टलमधे उजेडाच्या दोन वाटा आहेत, पिवळी पिंजऱ्यातल्या तांब्या-तांब्यामधली, तरंगलांबी ५८० नॅनोमीटरच्या आसपास, आणि निळी आयोडीनकडून पिरिडिनकडे चार्ज जाण्याची, ४४० च्या आसपास. नेहमीच्या तापमानाला सगळं पिवळ्या वाटेने जातं, खूप गारठवलं की तिकडे जायचा चढ ओलांडता येत नाही. तुम्हाला लिक्विड नायट्रोजनच लागेल. गुरांच्या दवाखान्यात विचारा, कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात.

प्रतिसाद २:
टॉर्च कुठला आहे ते पण बघा. नोटा तपासायचे स्वस्तातले बहुतेक ३९५ नॅनोमीटरचे असतात, त्यांचाच जांभळा उजेड कागदावर दिसतो आणि पोरं म्हणतात झाला निळा. ३६५ चा घ्या. आणि ट्यूब नायट्रोजनमधे बुडालेली असतानाच दाखवा, बाहेर काढली की आपल्या दमट हवेत लगेच पांढरा थर धरतो आणि काहीच दिसत नाही.

मूळ लेखक:
वा, गुरांचा दवाखाना डोक्यातच आला नव्हता! थर्मोकोलच्या डब्यात आणला तर चालेल?

प्रतिसाद १:
थोडा वेळ दाखवायला डबा चालेल. आणायचा मात्र त्यांच्याच कंटेनरमधून, आणि झाकण कधीच घट्ट लावू नका, नायट्रोजनचा वायू होऊन फुगला की कंटेनर फुटतो. गाडीच्या काचा खाली ठेवा.