गेम संपतो, फीड संपत नाही

अर्धविराम (धागाकर्ता)

बारा वर्षं गेम बनवतोय. आधी फुकट मोबाइल गेम काढणाऱ्या एका कंपनीत, आता तिघांच्या टोळक्यात आमचा स्वतःचा. 'गेम बनवतो' असं सांगितलं की समोरच्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "म्हणजे पोरं बिघडवायचा धंदा!" पूर्वी चिडायचो. आता म्हणतो, बिघडवण्याची विद्या आमच्याकडे आहे हे कबूल. पण ती आमच्याकडून उचलून ज्यांनी ऊठसूट प्रत्येक ॲपला फासली, त्यांना कुणी असं तोंडावर का विचारत नाही?

ही विद्या म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. जुन्या कंपनीत माझ्याकडे 'रोजचं बक्षीस' होतं. एका ओळीत सात पेट्या. रोज एक उघडायची, सातवी सगळ्यात मोठी. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्या पेटीपासून. आलेखात दिसायचं की लोक तिसऱ्या दिवशी गळतात. मग आम्ही काय केलं, तर तिसऱ्या दिवसापासून सातव्या पेटीचं झाकण बोटभर उघडं दाखवलं आणि आतून पिवळा उजेड सोडला. बस्स. एक चित्र बदललं. गळती कमी झाली, मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या.

काही दिवसांनी मदतकक्षाकडे एका खेळाडूचा मेल आला. ऑपरेशनमुळे दोन दिवस फोन हातात नव्हता, सहा पेट्या झाल्या होत्या, त्या परत मिळतील का? तक्रारीचा सूरही नव्हता, नुसती विनंती. आमचं ठरलेलं उत्तर गेलं, 'खेळत राहा!' असं. त्या उद्गारचिन्हाची मला आजही लाज वाटते.

तर माझं म्हणणं असं. चांगला गेम तुम्हाला कधीतरी सोडतो. राजकन्या सुटते, नावं वर सरकत जातात, तुम्ही उठून पाणी प्यायला जाता. सोशल मीडियाने नेमकं हे उठणंच काढून टाकलं. आधी पान संपायचं, खाली 'पुढचं पान' असायचं, ते दाबायचं की नाही हे ठरवायला अर्धा सेकंद मिळायचा. २००६ मध्ये आझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोल बनवलं आणि तो अर्धा सेकंद गेला. पुढे त्यांनी स्वतः जाहीरपणे याबद्दल खेद व्यक्त केला, हेही नोंदवतो. बोटाने पडदा खाली ओढला की नवं काहीतरी येतं, कधी येतं, कधी येत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगातल्या कबुतरांना दाणा असाच अनियमित मिळायचा, आणि म्हणूनच ती बटण टोचत राहायची.

सॉफ्टवेअरचंही तेच. पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा, अख्खा ४० किलोबाइटचा. त्यातले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. जागाच नव्हती, म्हणून डोकं चालवलं. आजही आम्हाला सेकंदाला ६० फ्रेम द्यायच्या तर एका फ्रेमला जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. त्यात सगळं बसवा, नाहीतर खेळणारा शिव्या घालतो. आणि इकडे साधी टिपणवही उघडायची तर आधी लॉगिन, मग 'नवीन काय?' ची खिडकी, मग गोल गोल फिरणारं चक्र. वर ती वही कधी पूर्ण होत नाही आणि कधी तुमचीही होत नाही. दर महिन्याला भाडं.

गेम, सॉफ्टवेअर आणि सोशल मीडिया या तिन्हींतून 'संपणं' गेलं, आणि ते ठरवून घालवलं, असं मला वाटतं. बोला.

खटपट्या

करून करून भागली आणि देवपूजेला लागली!

पेटीचा किस्सा छान लिहिलाय, पण 'चांगला गेम सोडतो' हे सरळ चूक आहे. गेमचा इतिहासच न संपण्याचा आहे. पॅकमॅन, १९८०. त्याला शेवट ठेवलेलाच नव्हता. २५६ व्या पातळीवर अर्धा पडदा कचऱ्याने भरतो, तो कुणाच्या दयेने नव्हे, तर आठ बिटांत २५५ च्या पुढे मोजता येत नाही म्हणून. बगने सोडवलं माणसांना! टेट्रिसला शेवट होता? 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम २००४ पासून चालूच आहे. आणि २००९ चं 'फार्मव्हिल', फेसबुकवरचा तो शेतीचा गेम, आठवतंय का? स्ट्रॉबेरी चार तासांत पिकायची, वेळेवर तोडली नाही तर सुकून जायची. फेसबुकवर शेजाऱ्यांना गायी-म्हशींची निरोपपत्रं कुणी पाठवली? गेमवाल्यांनीच. सोशल मीडियाने तुमच्याकडून चोरलं नाही, तुम्ही घरी नेऊन दिलंत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

अर्धविराम

@खटपट्या, फार्मव्हिलचा मुद्दा पदरात घेतो, तिथे बोलायला तोंड नाही.

पण टेट्रिस आणि पॅकमॅनबद्दल नाही. शेवट नाही हे खरं, पण हार आहे. ठोकळे वरपर्यंत येतात आणि गेम म्हणतो, झालं तुझं, ऊठ. पुन्हा खेळायचं की नाही ते तुम्ही ठरवता. सोशल मीडियाच्या फीडमध्ये हरता येत नाही हो! तिथे कुणी तुम्हाला बाद करत नाही, आणि बाद झाल्याशिवाय खुर्चीतून उठायचं कारण मिळत नाही. (तसा निन्टेंडोवरचा टेट्रिससुद्धा शेवटी 'संपला'. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलाने तो इतका पुढे नेला की प्रोग्रामच गोठला. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता. संपवण्याचा आनंद म्हणतो तो हाच.)

जुनी डिस्क

+१. डिस्क घेतली, खेळलो, कपाटात ठेवली. दहा वर्षांनी काढली तरी चालते. 'द क्रू' हा शर्यतीचा गेम लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. याला विकणं म्हणतात? कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे, की असा डिजिटल माल विकताना 'तुम्ही मालक होत नाही, फक्त परवाना घेताय' हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. म्हणजे इतकी वर्षं 'खरेदी करा' असं बटण होतं, ते काय होतं?

सर्व्हरमागचा

@जुनी डिस्क, म्हणजे धागाकर्त्याला हवं तसं 'संपणं' तुम्हाला मिळालं की! गंमत करतोय, पण पूर्ण नाही. एकीकडे 'सगळं कधीतरी संपावं' आणि दुसरीकडे 'माझा गेम मात्र कायम चालावा'. दोन्ही कसं जमायचं?

मी गेम बनवत नाही, तुम्ही ज्याला नावं ठेवताय ते कंटाळवाणं सॉफ्टवेअर बनवतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, संपलेलं सॉफ्टवेअर म्हणजे भोक पडलेली होडी. पूर्वी गेमचं कार्ट्रिज (यंत्रात खोचायची ती डबी) इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं, म्हणून त्याला 'पूर्ण' होण्याची चैन परवडायची. आज जे जोडलेलं आहे त्यात दर आठवड्याला कुणीतरी नवं भोक शोधतं, आणि ते बुजवणाऱ्याला पगार लागतो. तो पगार म्हणजेच तुमचं 'भाडं'. शिवाय न संपण्याचा फायदा गेमवाल्यांनीही घेतलाय. 'नो मॅन्स स्काय' २०१६ ला आला तेव्हा लोकांनी धू धू धुतला होता. वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन त्यांनी तो सावरला. कार्ट्रिजच्या जमान्यात तो तसाच पुरला गेला असता.

दोन, साडेसोळा मिलिसेकंदांचा अभिमान. 'जीटीए ऑनलाइन' चालू व्हायला पीसीवर काहींना सहा-सहा मिनिटं लागायची. २०१३ पासूनचा गेम, लोक वर्षानुवर्षं लोडिंगच्या पडद्यावरच्या ढगांकडे बघत बसले. २०२१ मध्ये बाहेरच्या एका खेळाडूने, स्रोत कोड हाताशी नसताना, कारण शोधलं. दुकानातल्या वस्तूंची साधारण १० मेगाबाइटची यादी वाचताना प्रत्येक तुकड्याला उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजली जात होती. जपमाळेचा एक मणी ओढला की उरलेले सगळे पुन्हा मोजायचे, तसं. शिवाय प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्यांशी ताडून बघायची, ६३ हजारांच्या यादीत. त्याने ते दुरुस्त केलं आणि वेळ सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला. कंपनीने चूक मान्य केली, अपडेट दिलं आणि त्याला १०,००० डॉलर बक्षीसही दिलं.

तेव्हा काटकसर हा गेमवाल्यांचा स्वभावधर्म नाही. ज्याचा पडदा अडखळला की लोक ओरडतात तिथे तुम्ही मिलिसेकंद मोजता; जिथे लोक मुकाट वाट बघतात तिथे तुम्हीही आमच्यासारखेच.

अर्धविराम

शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, कारण खरं आहे. आमच्याच गेममध्ये पहिला पडदा यायला अकरा सेकंद लागतात. काल रात्री घड्याळ लावून बघितलं. त्यातले चार सेकंद आमची तीन बोधचिन्हं दाखवण्यात जातात.

ओवी

मी कोड वगैरे लिहीत नाही, फक्त खेळते. इथे सगळे 'न संपणं' म्हणजे पापच असल्यासारखं बोलताहेत म्हणून लिहितेय.

आईच्या आजारपणात दीड वर्ष मी घरातच होते. दिवसभर औषधं, रात्री ती झोपली की अकरा वाजता एका ऑनलाइन गेममध्ये जायचे. आमचा सहा जणांचा गट होता. कुणाचं खरं नाव माहीत नव्हतं. मोहिमेवर जायचं म्हणून जमायचो आणि निम्मा वेळ नुसत्या गप्पा. एके रात्री मी काहीच खेळले नाही. माझं पात्र पुलावर बसवून ठेवलं आणि टाइप केलं, 'आज नको.' बाकीचे पाचही एकेक करून पुलावर येऊन बसले. कुणी काही विचारलं नाही. वीस मिनिटं सहा पात्रं एका ओळीत, खाली नदीचा तोच तोच चार सेकंदांचा आवाज.

तो गेम 'संपून' मला सोडून गेला असता तर मी काय केलं असतं? तुमच्या सगळ्या आलेखांत ती वीस मिनिटं 'गुंतवणूक वेळ' म्हणूनच मोजली गेली असणार, पेटीच्या उजेडासारखीच. दोन्ही सारखं नाही हे तुमच्या आकड्यांना कळतं का, एवढंच विचारते.

खटपट्या

@ओवीताई, यापुढे काही बोलवत नाही.

अर्धविराम

नाही कळत. आकड्यात फक्त 'होती, वीस मिनिटं' एवढंच उमटतं. माझ्या मांडणीत तुमच्या पुलाला जागा नाही हे मान्य. तरी एक सांगतो: तुम्ही तिथे माणसांसाठी जात होतात. आमच्यासारख्यांनी त्याच दारावर पेट्या लावल्या, म्हणजे माणसं आली नाहीत तरी तुम्ही याव्यात.

निवांत

सगळे रडगाणंच गाताहेत. 'वर्डल' विसरलात का? जोश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. दिवसाला एक शब्द ओळखायचा, सहा प्रयत्न, मग 'उद्या या'. तेव्हा जाहिरात नव्हती, नोटिफिकेशन नव्हतं, लॉगिन नव्हतं. सोशल मीडियावर लोक रंगीत चौकोन टाकायचे, त्यात उत्तरही फुटायचं नाही. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत घेतलं. म्हणजे सोडून देणारा गेम बनवूनही पैसे मिळतात. गेम, सॉफ्टवेअर, सोशल मीडिया, तिन्ही एका पानात, आणि तिन्ही सभ्य.

खटपट्या

सभ्य? वर्डलमध्ये 'सलग किती दिवस' हा आकडा होता की नाही? एक दिवस चुकला की शून्य. ऑपरेशनवाल्या माणसाची पेटी आणि हा आकडा यात फरक काय, ते सांगा. फक्त पिवळा उजेड नाही, एवढाच. उलट 'दिवसाला एकच' हा तर सगळ्यात जुना गळ, भूक ठेवून उठवायचं.

(आणि तो विकला गेला तेव्हा लोकांची पहिली ओरड काय होती? 'माझा सलग आकडा टिकेल ना?')

निवांत

फरक वेळेचा आहे. पाच मिनिटांत सुटका. भूक ठेवून उठवणं आणि ताटावरून उठूच न देणं एकच कसं?

तिसरा डोळा

तत्त्वज्ञान पुरे, पैशाचं बोला. 'फ्लॅपी बर्ड' हा मोबाइल गेम जाहिरातींतून दिवसाला सुमारे ५०,००० डॉलर कमावतोय अशा बातम्या होत्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये डाँग न्गुयेन यांनी तो स्वतःहून काढून टाकला, लोकांना त्याची चटक लागली म्हणून. किती जणांनी हा कित्ता गिरवला? उलट नक्कल करणाऱ्यांची रांग लागली. स्वतःहून कुणी सोडत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन नशिबाची पेटी विकणं जुगारात काढलं, तेव्हा तिथल्या आवृत्त्यांतून त्या पेट्या निघाल्या. शरमेने नव्हे, कायद्याने.

आणि धागाकर्त्यांनी सोयीस्करपणे एक गोष्ट टाळली आहे. तुमच्या आताच्या गेममध्ये रोजचं बक्षीस आहे की नाही?

सर्व्हरमागचा

हा प्रश्न पहिल्या प्रतिसादातच यायला हवा होता.

अर्धविराम

टाळलं नव्हतं, ठरलं नव्हतं.

आत्ता तरी नाही. गेम साधारण सहा तासांत संपतो, शेवटी दिवा विझतो आणि पडदा काळा होतो. पण प्रकाशकाने भरायला एक तक्ता दिलाय. त्यात एक रकाना आहे: 'खेळाडूने दुसऱ्या दिवशी परत येण्याचं कारण.' तो रिकामा ठेवला तर पैसे अडतील असं तोंडी सांगितलंय. मी तिथे 'कालचा भाग अर्धा राहिला म्हणून' असं लिहिलं होतं. सकाळी बघतो तर आमच्या तिघांतल्याच कुणीतरी ते खोडून पुढे लिहिलंय, 'पेटी?'

खटपट्या

तुमच्या तिघांत एक तरी माणूस पगाराचा विचार करतोय म्हणायचा.

ओवी

शेवटी दिवा विझल्यावर थोडा वेळ तिथे बसता येईल असं ठेवा. लगेच मेनूवर नका फेकू.

अर्धविराम

हे करतो. आत्ता दोन सेकंदांत मेनू येतो.