भाच्याचा पहिला जुना ट्रॅक्टर: गॅरेजला टाकायचा की त्याच्याकडूनच खोलून घ्यायचा?

निफाडचा मामा: भाच्याने जुना महिंद्रा बी-२७५ आणलाय, १९६३ ला महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी करार केला त्यातून आलेलं मॉडेल. घरचे म्हणतायत गॅरेजला टाक. माझं मत, खोलायचा त्यानेच, मी शेजारी उभा राहणार. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ, म्हटलं सांग आता पाणी कुठून आलं, हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) की दुसरीकडून? पोरगं तेव्हापासून डोकं खाजवतंय. गॅरेजमध्ये हे त्याला कोण विचारणार?

दिंडोरी द्राक्षवाला: मामा, राग मानू नका, पण पटत नाही. द्राक्षाच्या ओळीत ब्लोअरला (औषध फवारायचं यंत्र) छोटा ट्रॅक्टर लागतो, हा तिथे काय कामाचा? त्यात पलटी झाला तर वाचवणारी फ्रेम नाही, ब्रेकचा भरवसा नाही, पीटीओ शाफ्टचं (मागच्या अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) गार्ड कधीच गायब झालेलं असतं. ५४० आरपीएमला फिरणाऱ्या शाफ्टमध्ये सदऱ्याचं टोक अडकलं की माणूस आत ओढला जातो. पोराला हौस असणारच, विचार आपण करायचा.

ओझर डिझेल: मी मामांच्या बाजूने, फक्त डिझेलचा पंप-नोझल घरी खोलू नका, ते टेस्ट बेंचवरच (पंप तपासायचं मशीन) कॅलिब्रेट करून आणा. टाकीतला गंज धुणं, फिल्टर बदलणं, डिझेल लाईनमधली एअर काढणं त्यालाच करू द्या. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर (डिझेल ढकलायचा हातपंप) मारत राहायचं, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. हे एकदा हातात बसलं की वावरात बंद पडला तरी मिस्त्रीची वाट बघत बसायला नको.

सिन्नरची ताई: आरसी बुक बघितलं का पण? चेसिस नंबर जुळत नसेल, नाव ट्रान्सफर होत नसेल तर एक रुपया घालू नका त्याच्यात.

निफाडचा मामा: ताई, कागद ओके आहेत. द्राक्षवाले भाऊ, हा बागेत जाणारच नाही, नांगरट आणि लासलगावला कांद्याची ट्रॉली एवढंच काम. गार्ड बसल्याशिवाय पीटीओ टाकायचा नाही हे त्याला सांगून ठेवलंय. पण शिकायचं वय हेच आहे, ते मी जाऊ देणार नाही.

दिंडोरी द्राक्षवाला: भरलेली ट्रॉली म्हणताय म्हणून तर जास्त काळजी वाटते. उताराला मागून ढकलते ती. इंजिन खोलू द्या खुशाल, ब्रेक मात्र मिस्त्रीकडूनच करून घ्या, आणि डाव्या-उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडल लॅचने (जोडकडीने) जोडल्याशिवाय ट्रॅक्टर रोडवर काढू देऊ नका, एकच पेडल दाबलं गेलं तर गर्रकन एका बाजूला ओढतो.